निळ्या दाराबाहेरचे जोडे

आमच्या ओसरीवरून रस्ता दिसत नाही, ऐकू मात्र येतो. परवा पहाटे संध्येला बसलो होतो. आचमनासाठी तळहातावर पाणी घेतले आणि त्याच क्षणी नाक्याच्या बाजूने बंड्यांच्या चाकांची ती जड, सलग घरघर ऐकू आली. एक बंडी, तिच्यामागे दुसरी, आणि मग न संपणारी रांग. खामगावच्या बाजारात यंदाचा कापूस येऊ लागला होता. माझा हात हलला आणि पाणी मांडीवर सांडले. पुन्हा घेतले, पुन्हा सांडले. घरातल्यांना वाटते, म्हातारपणामुळे हात कापतो. वर्षाचे आठ महिने माझा हात मुळीच कापत नाही.

हे भय फार जुने आहे. वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेला होता तेव्हाचे, माझ्या अठ्ठाविसाव्या वर्षातले. ज्या गोष्टीला भ्यायचे ती केव्हाच होऊन गेली. ज्यांच्यासाठी भ्यायचे त्यांतलेही बहुतेक गेले. भय तेवढे मागे राहिले आहे, आणि दर हंगामाला पहिल्या बंडीबरोबर ते गावात शिरते.

दिवाळी सरली की त्या काळी गावाचा रंगच पालटत असे. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनांची धुराडी पेटत, भोंगे वाजत, आणि हवेत कापसाची लव तरंगू लागे. ती लिंबाच्या पानांवर बसे, बायकांच्या केसांवर बसे, रामाच्या देवळाच्या कळसावर बसे. पूजेला बसलो तर ताम्हनातल्या पाण्यावर एक तरी पांढरा तंतू तरंगताना दिसायचाच. सरकीचा तेलकट वास साऱ्या गावाला असा लपेटून असे, की चैत्रात तो ओसरला म्हणजे काहीतरी हरवल्यासारखे वाटे. शेगावकडून, पिंपळगाव राजाकडून, घाट उतरून चिखलीकडून बंड्या येत. आणि त्यांच्यामागोमाग परदेशी खरीददार येत. त्यांत काही ग्रीक होते. कापसाचा झुबका दोन्ही अंगठ्यांत धरून ते हलकेच ओढत आणि निघालेल्या धाग्याकडे, आम्ही पोथीच्या पानाकडे पाहतो तसे, मान कलती करून पाहत.

त्यांच्यातलाच एक यानी. साऱ्या गावाचा यानीसाहेब. कापूस पारखण्याची चाकरी सोडून त्याने जिनांच्या रस्त्यावर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, एक खाणावळ काढली होती. चार मेजे, भिंतींना चुना, आणि दाराला निळा रंग. तो रंगही त्याने धोब्याकडची नीळ चुन्यात कालवून स्वतः केलेला. त्याची बायको एलेनी स्वयंपाक करी. गावाने तिचे एलनबाई केले होते. ती मराठी शिकली ती बाजारातल्या माळणींकडून, त्यामुळे गोरीपान बाई तोंड उघडी आणि शुद्ध वऱ्हाडी बोले. दाराशी एका रिकाम्या तेलाच्या डब्यात तिने सब्जा लावला होता. रोज सकाळी ती त्याला पाणी घाली, पानाला बोटे लावून ती कपाळाला नेई. त्याचे पान तिने कधी अन्नात घातले नाही, असे भाजी देणारी माळीण सांगे.

त्या खाणावळीवरून जाणे हे माझ्या दिनक्रमातले पहिले भय. देवळाची वाट तिथूनच होती. आतून दालचिनी, तळलेला कांदा आणि ज्याचे नाव मला उच्चारवत नसे त्याचा वास येई. गल्लीच्या कोपऱ्यापासून पुढच्या लिंबापर्यंत बत्तीस पावले होती. उपरण्याचे टोक नाकाशी धरून, श्वास कोंडून मी ती चालत असे. यानी बहुधा दारातच उभा असायचा. दोन्ही हात जोडून तो म्हणे, "नमस्कार, शास्त्रीबुवा," आणि लगेच एक पाऊल मागे सरे. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानी आले की तो सूर्याकडे पाहून सरत असे, आपली सावली माझ्या अंगावर पडू नये म्हणून. हे त्याला कोणी शिकवले होते कोण जाणे. मी श्वास कोंडलेला असल्यामुळे त्याच्या नमस्काराला उत्तर म्हणून केवळ मान हलवीत असे. आज लिहिताना त्याची लाज वाटते. त्या वेळी वाटत नव्हती.

आता तिथे सरकीचे कोठार आहे. भिंतीचा पोपडा निघाला की खालून निळा ठिपका दिसतो. गेल्या पावसाळ्यात मी काठीच्या टोकाने हळूच एक पोपडा काढून पाहिला. मग कोणी पाहिले की काय म्हणून इकडेतिकडे बघितले.

त्या वर्षी कार्तिकात मी देवळात पुराण सांगत होतो. दुपारी चारला बायका, म्हातारी माणसे जमत. एके दिवशी पितरांचा विषय निघाला. तरुण वय, समोर श्रोते, वाणीला धार आलेली. मी सांगून गेलो की मेलेल्याच्या नावाने जाणत्या माणसाने दोन घास खाल्ले नाहीत तर तो जीव उपाशीच वाट चालत राहतो, आणि असे अन्न कोणी हात जोडून वाढू पाहत असताना जो पाठ फिरवतो त्याच्या विद्येचा काही उपयोग नाही. सभामंडपात दोघी-तिघींनी पदर डोळ्यांना लावले. मला धन्य वाटले. देवळाच्या भिंतीबाहेर, लिंबाखाली, एलनबाई उभी राहून ऐकत असते हे मला ठाऊक होते. पण भिंतीपलीकडच्या माणसालाही आपण काही सांगत आहोत, असे माझ्या मनात कधी आले नव्हते.

कार्तिकी पौर्णिमा झाली आणि आठवड्याभरात यानी तापाने गेला. गावाबाहेर ख्रिस्ती लोकांची जी थोडी जागा आहे तिथे त्याला पुरले. खाणावळ बंद झाली. बत्तीस पावले मी मोकळा श्वास घेत जाऊ लागलो. हंगाम चालूच होता.

मग एका सकाळी, मी पूजेची फुले घेऊन परतत असताना, एलनबाई लिंबाखाली उभी दिसली. अंगावर काळे वस्त्र. सात-आठ हातांवरूनच तिने हात जोडले.

"शास्त्रीबुवा, थांबता काय थोडकसं?"

मी थांबलो.

"तुम्ही त्या दिवशी देवळात सांगत होते. जानत्या मानसानं दोन घास खाल्ले नाईत, त मेलेला उपाशीच चालत राह्यते. म्हनलं होतं का नाई?"

"म्हटलं होतं."

"मंग माहा यानी चालून राह्यला, बुवा. येत्या बुधवारी चाळीस दिस होतेत. आमच्यात त्या दिशी गहू शिजवतेत, त्याच्या नावानं देवाच्या मानसाले खाऊ घालतेत. इथला पादरी आमच्या पंथाचा नाई. मुंबईले कागद टाकला होता, कोनी आलं नाई. खरीददार लोक येतीन, खातीन, पन त्याईले मंतर कुठी येते?"

माझ्या हातातले जास्वंदीचे फूल खाली पडले. उचलायचे भान राहिले नाही. "पाहतो," एवढेच तोंडून निघाले.

"झालं मंग," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसण्याची एक सावली येऊन गेली. "आमच्या दुकानात पाहतो म्हनते ते गिऱ्हाईक येतेच."

आता माझ्या घरची स्थिती सांगितली पाहिजे. वडील नव्हते. आई आणि धाकटी बहीण गोदू एवढाच संसार. गोदूचे लग्न चिखलीच्या आप्पाशास्त्र्यांच्या मुलाशी ठरले होते, फाल्गुनातला मुहूर्त निघाला होता. त्या घराण्याचे आचार सबंध घाटावर नावाजलेले. परक्या विहिरीचे पाणी न पिणारे, प्रवासात तीन-तीन दिवस फक्त केळी खाऊन राहणारे घर. असे स्थळ आमच्यासारख्यांना मिळाले ते केवळ वडिलांच्या पुण्याईने. ठरवाठरवीसाठी मी चिखलीला गेलो तेव्हा आप्पा मला पोचवायला दारापर्यंत आले होते. माझ्या उजव्या जोड्याच्या टाचेला चांभाराने लाल कातड्याचे ठिगळ लावले होते. त्याकडे पाहून ते म्हणाले होते, "वामनशास्त्री, हे ठिगळ म्हणजे कोसभरावरून ओळख पटायची!" मी यवनाघरी जेवलो ही वार्ता त्या दारापर्यंत पोचली, की गोदूचे लग्न मोडणार होते. नुसते मोडणार नव्हते, पुन्हा कुठे जुळणार नव्हते.

बुधवारपर्यंत मी धर्मशास्त्राच्या पोथ्या काढून बसलो. म्लेंच्छाचे अन्न, प्रेताच्या उद्देशाने केलेले अन्न, सोयऱ्याधायऱ्यांबाहेरच्या विधवेने शिजवलेले अन्न. एकेकाचे प्रायश्चित्त शोधून कागदावर टिपत गेलो. पाप घडण्याआधी त्याचा उतारा शोधणारा दुसरा कोणी शास्त्री झाला असेल असे मला वाटत नाही. ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत यवनांचा, म्हणजे ग्रीकांचाच, उल्लेख आदराने येतो, तेही आठवून पाहिले. धीर आला नाही. आदर करणे वेगळे आणि पानावर बसणे वेगळे. शेवटी मी एक मार्ग काढला: जायचे, पानाशी बसायचे, यानीच्या नावाने संकल्प सोडायचा, पानाला हात लावून नमस्कार करायचा आणि उठायचे. जेवायचे नाही. त्या बाईचे समाधान, माझे सोवळे, गोदूचे लग्न, तिन्ही सांभाळले जाईल.

बुधवारी दुपारी निघालो तेव्हा गोदू ओसरीवर नव्या कापसाच्या वाती वळत बसली होती. देवळासाठी लक्ष वातींचा तिचा नेम होता, लग्नाआधी पुरा करायचा होता.

"दादा, पौषात घाम कसा रे फुटला तुला?"

"चालून आलो ना."

"आत्ता तर पाटावरून उठलास."

आतून आई म्हणाली, "पोटात काही नाही म्हणून. चार घास खाऊन जा."

"उपास आहे," मी म्हणालो. कोणता उपास, हे विचारू नये म्हणून झपाझपा पायऱ्या उतरलो. गोदूने मागून हाक मारली, "टोपी विसरलास!" मी मागे वळलो नाही.

कापसाच्या मोंढ्याची मधली सुटी होती, म्हणून रस्ता रिकामा असेल असा माझा होरा. रस्ता बंड्यांनी गच्च भरलेला होता. जिनाच्या फाटकापासून थेट लिंबापर्यंत रांग लागली होती. गाडीवान जुवावर बसून भाकरी खात होते, एकमेकांना शिव्या देत होते.

"तुया बैल माह्या बंडीतला कापूस खाऊन राह्यला बे!"

"खाऊ दे ना. थंडीचे दिस हायेत, पोटात गादी होईन त्याच्या!"

मी खाली मान घालून निळ्या दारापाशी आलो, जोडे काढून बाहेर नीट जोडीने ठेवले, आणि आत शिरलो. जेवायच्या ठिकाणी आपण जोडे बाहेर काढतो. यात काही विचार करण्यासारखे आहे असे मला वाटलेच नाही. त्या दारातून आत जाणारा एकही माणूस कधी जोडे काढत नसे, हे मला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. बत्तीस पावले मी नेहमी दुसरीकडे पाहत चाललो होतो.

आत मांसाचा वास नव्हता. ऊद जळत होता. पूर्वेच्या कोपऱ्यात आई आणि मूल असे काळपट रंगाचे चित्र टांगले होते आणि त्याच्यासमोर लाल काचेच्या भांड्यात तेलाची वात तेवत होती. आमच्या नंदादीपाला लागते तेवढीच लहान वात. तीन मेजे भिंतीला लावून ठेवली होती. चौथ्यावर पांढरे कापड, त्यावर पळसाची पत्रावळ, शेजारी तांब्याचा गडू. समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे एक पाव ठेवला होता. पावाने माणूस बाटतो असे लहानपणापासून ऐकलेले, मी एक पाऊल मागे सरलो.

"तो तुमाले नाई," एलनबाई घाईने म्हणाली. "तो त्याचा हाय. तुमची चूल नवी मांडली, शेनानं सारवली. मडकं कोरं हाय. पानी तुमच्या गल्लीतल्या बाईनं आनून देल्लं, म्या हात नाई लावला."

खुर्चीवर बसण्याची मला सवय नव्हती. पाय लोंबकळत राहिले, म्हणून ते वर घेऊन मी मांडी घातली. ती भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"गोत्र कोणतं?" मी विचारले. संकल्पाला गोत्र लागते.

"म्हंजे गाव काय? बेट हाय आमचं. समुद्रात."

"गाव नव्हे, कूळ." तिला कळले नाही. ज्याचे गोत्र माहीत नसते त्याचे काश्यप म्हणावे, असे शास्त्र आहे. मी काश्यप म्हणालो. "वडिलांचं नाव?"

"निकोला."

"आणि आजोबांचं?"

"यानी. आमच्यात आज्याचं नाव नातवाले देतेत."

"आमच्यातही," माझ्या तोंडून निघून गेले.

ती पहिल्यांदा रडली ती तेव्हा. आवाज न करता. मग पदरासारखे काहीतरी डोळ्यांना लावून आत गेली आणि वाढायला एक थाळी घेऊन आली. शिजवलेला गहू होता. त्यात डाळिंबाचे दाणे, मनुका, भाजलेले तीळ, वर साखरेचा पातळ थर, आणि त्या साखरेवर सोललेल्या बदामांनी मांडलेली त्यांच्या धर्माची खूण. ती खूण न मोडता तिने कडेचा गहू काढला आणि दूर उभी राहून पत्रावळीवर वाढला.

संकल्प सोडला. आता पानाला हात लावून उठायचे. पण बाहेर एकाएकी कोणी मोठ्याने हसले, भयाने माझे मन बधिर झाले, आणि मन गेले तिथे हाताची सवय आली. माझ्या उजव्या हाताने गडूतले पाणी घेतले, पानाभोवती फिरवले, उजव्या बाजूला गव्हाच्या चार दाण्यांच्या चित्राहुती मांडल्या, तळहातावर पुन्हा पाणी घेतले. मी आपोशन प्यालो. पाणी घशाखाली उतरल्यावर मला कळले, मी काय केले ते.

हे भय ज्याने अनुभवले नाही त्याला कसे सांगावे? आपोशन घेतल्यावर पानावरचे ते अन्न उरत नाही, ब्रह्म होते. ते टाकून उठणे म्हणजे देवाला लाथाडून उठणे. आणि लहानपणापासून माझा नेम होता, आपोशनापासून हात धुवेपर्यंत मौन. आता उठताही येत नव्हते, बोलताही येत नव्हते. एका अंगाला गोदूचे लग्न, दुसऱ्या अंगाला अन्नाचा अपराध, आणि मध्ये मी, परक्याच्या खुर्चीवर मांडी घालून. मी पहिला घास घेतला.

गहू मऊ होता, डाळिंबाचा दाणा दाताखाली फुटला. ती चव आजही आठवते. भीती आणि गोडवा एकाच घासात असू शकतात हे मला त्या दिवशी कळले. दुसरा घास. तिसरा. दाराला पाठ करून बसलो होतो, म्हणून दार उघडले ते आधी उजेडावरून समजले.

"काऊन बाबा, कोन पायजे?" एलनबाईने विचारले.

मग घसा खाकरल्याचा आवाज. तो खोकला मी चिखलीच्या ओसरीवर ऐकला होता. मान वळवली. पांढरे पागोटे, हातात काठी. त्यांच्या शेतातल्या कापसाच्या बंड्याही त्या रांगेत होत्या आणि ते त्यांच्यासोबत स्वतः आले होते. मला याची गंधवार्ता नव्हती.

"काही नाही, बाई," आप्पाशास्त्री म्हणाले. "जोडे ओळखीचे वाटले."

"आत या ना. माह्या मालकाचं चाळीसावं हाय. शास्त्रीबुवा त्याच्या नावानं जेवून राह्यले."

आप्पांनी पत्रावळीकडे पाहिले, बदामांच्या खुणेकडे पाहिले, समोरच्या पावाकडे पाहिले. मग माझ्याकडे. माझ्या तोंडात घास होता. मी मान फिरवून पुन्हा पानाकडे पाहिले. मग मागे दार ओढल्याचा आवाज आला. उजेड गेला.

पान पूर्ण केले. एक दाणाही ठेवला नाही. हात धुतले, बाईला नमस्कार केला, तिने दुरूनच जमिनीला कपाळ टेकले. बाहेर पडताना जोडे दाराच्या आत, भिंतीशी ठेवलेले दिसले. बाईनेच आत घेतले असतील असे मी धरून चाललो. त्याचा विचार करण्याइतकी शुद्ध मला नव्हती.

त्यानंतरचे बारा दिवस मी कसे काढले ते देव जाणे. पंचगव्य घेतले, उपास केले, जप वाढवला. पण माझे खरे भय देवाचे नव्हते, टपालवाल्याचे होते. त्याची खाकी पिशवी गल्लीत दिसली की मी देवघरात जाऊन बसे. चिखलीहून कागद येईना. गोदूच्या वातींचा ढीग वाढत होता. "दादा, सत्तर हजार झाल्या," ती सांगे, आणि मला वाटे, ही माझ्याच गळ्याभोवती एकेक वात वळते आहे. तेराव्या दिवशी मला ते वाट पाहणे सोसेना. आमंत्रणाच्या अक्षता अजून फिरल्या नव्हत्या. मोडायचेच तर आत्ता मोडावे, चार लोकांत नको. मी मोटारीने घाट चढून चिखलीला गेलो. स्वतःच्या तोंडाने सांगायचे आणि त्यांना शब्दातून मोकळे करायचे, एवढेच ठरवले होते.

आप्पा अंगणात हात-पाय धूत होते. "आलात? बरं झालं. पाय धुवा, पाने वाढली आहेत."

"आप्पा, आधी मला काही सांगायचं—"

"आधी जेवण."

त्यांनी मला पंक्तीत आपल्या शेजारी बसवले. डाव्या हाताला त्यांचा मुलगा, पलीकडे दोन भाऊबंद, सारे सोवळ्यातले. माझ्या स्पर्शाने ही पंगत बाटते आहे आणि ते जाणणारे दोघेच जण पानावर बसलो आहोत, या विचाराने माझा हात पाण्यापर्यंत जाईना. आप्पांनी माझ्याकडे न पाहता स्वतःचे आपोशन घेतले आणि थांबले. सारी पंगत माझ्यासाठी थांबली. मी आपोशन घेतले. निळ्या दाराआड मी इतका भ्यालो नव्हतो.

हात धुऊन ओसरीवर आलो. आप्पांनी सुपारी कातरायला घेतली. बाकीचे पांगले.

"गहू नीट शिजला होता का हो?" त्यांनी विचारले.

"हो," मी कसेबसे म्हणालो.

"कोणता होता? बन्सी?"

"बन्सी असावा."

"बन्सी उशिरा शिजतो. बाईनं आदल्या दिवशी भिजत घातला असेल." सुपारीचे खांड त्यांनी माझ्या हातावर ठेवले. "माझे थोरले बंधू काशीला निघाले होते. वाटेतच गेले, कोणत्या गावी तेही कळलं नाही. त्यांच्या नावानं तिथं कुणी दोन घास खाल्ले की नाही, कोण जाणे."

त्यांनी दुसरी सुपारी आडकित्त्यात धरली.

"आप्पा, मी प्रायश्चित्त घेतलं आहे. तरी आपल्याला—"

"घेतलंत ना? मलाही घ्यावं लागलं. पूजा व्हायची होती आणि तुमचे जोडे हातात धरून आत ठेवले. मग विहिरीवर स्नान. पौषातलं पाणी, वामनशास्त्री! दोन दिवस खोकत होतो."

"जोडे आपण ठेवलेत?"

"मग काय करणार? रस्त्यावर शंभर बंड्या, त्यात निम्म्या आमच्या घाटावरच्या. आणि त्यांच्यासमोर ते लाल ठिगळ, सासुरवाडीला आल्यासारखं ऐटीत मांडलेलं!" ते हसले आणि त्यांना पुन्हा खोकला आला. तो थांबल्यावर आवाज खाली आणून म्हणाले, "पुन्हा कुठं असं जेवायला गेलात तर जोडे आत काढत जा."

फाल्गुनात गोदूचे लग्न झाले. तिच्या लक्ष वाती लग्नाच्या दोन दिवस आधी पुऱ्या झाल्या. आप्पांनी तो विषय पुढे बावीस वर्षांत एकदाही काढला नाही, माझ्याजवळ नाही आणि कोणाजवळही नाही. हंगाम संपताना एलनबाई मुंबईला गेली, तिथून आपल्या बेटावर. जाताना तिने माझ्या ओसरीच्या पायरीवर सब्ज्याचा डबा ठेवला होता. तो डबा कधीच गंजला, पण त्याचे बी दर पावसाळ्यात मागच्या अंगणात उगवते. मी त्याला पाणी घालतो. त्याचे पान आमच्याही घरात कोणी अन्नात घातलेले नाही. का, ते कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

आज हे लिहितानाही भीती वाटते. गोदू गेल्या वर्षी गेली, तिला आता कोणी परत पाठवू शकत नाही, तरी वाटते. पौषात ती तिथी आली की मी आदल्या दिवशी स्वतः बन्सी गहू भिजत घालतो. पहिली काही वर्षे एक मूठ घालत असे. आप्पा गेल्यापासून दोन मुठी घालतो. पान मांडतो, काश्यपगोत्री यानीचे, निकोलाच्या मुलाचे, नाव घेतो, मग आप्पांचे. पण आपोशन घेण्याआधी पाटावरून उठून एकदा दारापर्यंत जातो. बाहेर बंड्यांची घरघर चालू असते. ओसरीच्या पायरीवर आल्यागेल्या कोणाचे जोडे काढलेले असले, तर वाकून, दोन्ही हातांनी उचलून, आत आणून ठेवतो. मग हात धुतो आणि जेवायला बसतो.